वाचकांचे प्रश्न : घोडी लंगडते, जखम दिसत नाही

प्रश्न : आमची घोडी दोन दिवस पुढच्या उजव्या पायाने लंगडतेय. पाय मुरगळला असेल, तर तेलाने चोळून पट्टी बांधू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : चोळू नका, आधी खूर बघा. गोव्याच्या पावसात चिखलाने खूर मऊ पडतात. जांभ्याचा खडा तळव्यात रुतून आत पू झाला, की घोडी पाय मोडल्यासारखी लंगडते. खूर कोरून स्वच्छ करा, डाव्या खुराशी उष्णता ताडून पाहा. घोट्यामागे दोन्ही बाजूंना नाडी जोरात उडत असेल, तर दुखणे बहुधा खुरातच.

गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी शीर) गरम, सुजलेली लागली तर २० मिनिटे थंड पाण्याची धार, दिवसातून तीनदा, आणि पूर्ण विश्रांती.

खिळा रुतलेला दिसला तर उपटू नका; तो किती खोल गेलाय हे डॉक्टरांना एक्स-रेत दिसायला हवे. वेदनाशामकही त्यांनी तपासल्याशिवाय नको. दुखणे दबते, घोडी भार टाकते, इजा वाढते. पाय मुळीच टेकत नसेल किंवा सांध्याजवळ बारीकशीही जखम असेल, तर जागेवरून न हलवता तत्काळ बोलवा. धनुर्वाताची लस कधी दिली, तेही सांगा.