कोटी ऐकून हसू का येतं? आणि काही कोट्या फसतात त्या का?

एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की हसू येतं, असं आपण सहसा धरून चालतो. पण तेवढं पुरत नाही. 'वाचाल तर वाचाल' हे घोषवाक्य घ्या. अर्थ दोन आहेत, तरी कोणी हसत नाही, कारण शब्द दोनदा येतो आणि प्रत्येक अर्थाला आपापली जागा मिळते. अलंकारात हे यमक झालं. कोटीला लागतो श्लेष : शब्द एकदाच यावा आणि दुसरा अर्थ त्यात दडून राहावा.

तोच शब्द आता विनोदात बघा. घराला आग लागून गेल्यावर शेजारी विचारतो, "पुस्तकं वाचली का?"
"अहो, एवढ्या धावपळीत वाचायला वेळ कुठे होता!"

आग म्हटल्यावर आपण 'बचावली' हाच अर्थ धरतो, दुसरा मनात येतही नाही. उत्तर कानावर पडलं की झटक्यात मागे जाऊन तोच प्रश्न नव्याने ऐकावा लागतो. हसू फुटतं ते तिथे.

यात मराठीच्या व्याकरणाची करामत मला फार आवडते. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि कर्ता गाळला तरी वाक्य अडत नाही. त्यामुळे दोन्ही अर्थांना वाक्य अक्षरशः एकच. शेजाऱ्याने 'वाचलीत का' विचारलं असतं, तर 'तुम्ही' सुचवणाऱ्या त्या एका 'त'ने सगळा विनोद संपला असता.

रोमन वक्ता सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वी यावर सोपी कसोटी दिली : शब्द बदलून बघा, गंमत गेली तर ती शब्दातच होती. वर 'बचावली का' घालून बघा, काही उरत नाही.

फसलेल्या कोटीत बहुधा दुसरा अर्थ नुसताच येऊन बसतो. "पास झालास का?" "हो, बसचा." इथे बस कुठून आली? याउलट :

"साहेबांना ऑफिसात फार मान आहे."
"मान आहे हो, वर डोकं हवं होतं."

इथे दुसरा अर्थ साहेबांबद्दलच काहीतरी सांगून जातो, म्हणून कोटी टोचते आणि लक्षात राहते. शब्दांचा क्रमही महत्त्वाचा. 'डोकं' आधी आलं असतं, तर कुठली मान ते ऐकणाऱ्याला अगोदरच कळलं असतं.