वाचक विचारतात : मोटर का फिरते आणि का जळते

गेल्या अंकात मोटरबद्दलचे प्रश्न पाठवा असं लिहिलं होतं. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याच्या वर शेतीपंपाचीच, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतोय.

प्रश्न : सर, विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. एकाच सीझनला दोनदा जळाली, दोनदा भरून (नवी कॉइल्स घालून) आणली. मेकॅनिक म्हणतो लाइटचा प्रॉब्लेम, लाइनमन म्हणतो मोटरच खराब. कोणाचं खरं मानू?
– एक शेतकरी, माढा तालुका

उत्तर : दादा, दोघांचं ऐकून घ्या पण खरं काय ते जळालेली मोटरच सांगते. पुढच्या वेळी (येऊ नये ती वेळ) मोटर खोलली की मेकॅनिकने जुनी वायर कापायच्या आधी तिथे थांबा आणि आत डोकावून बघा. बॉडीला आतून चिकटून पातळ पत्र्यांचा जो गोल गठ्ठा असतो तो स्टेटर, त्याच्या खाचांमधून तांब्याची कॉइल्स फिरवलेली असतात, तीन फेजचे तीन सेट. आता कॉइल्सचा रंग बघायचा. सगळी सारखीच काळी पडली असतील तर मोटरवर लोड जास्त आलाय, किंवा व्होल्टेज कमी मिळालंय, किंवा पंप जाम झालाय. पण काही कॉइल्स कोळशासारखी काळी आणि मधली काही अजून तांबूस स्वच्छ दिसत असतील तर समजा एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनवर चालली. जोडणी स्टार (तिन्ही फेजच्या कॉइल्सची एकेक टोकं एकत्र बांधलेली) असेल तर दोन फेजची कॉइल्स जळतात, डेल्टा (कॉइल्स त्रिकोणात जोडलेली) असेल तर एकाच फेजची. आणि सगळं चांगलं असून एकाच जागी तांबं वितळून गोळी झाली असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलंय, पाणी शिरलं असेल नाहीतर भरताना वायर खरचटली असेल. पत्र्यांवर आतून घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर बेअरिंग गेलंय, कारण स्टेटर आणि फिरणारा रोटर यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते, बेअरिंग थोडं ढिलं झालं तरी रोटर घासायला लागतो.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मोटर किती करंट ओढणार हे लोड आणि स्पीड ठरवतात. उभी मोटर डायरेक्ट चालू करताना ती फुल लोडच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि स्पीड पकडला की तो खाली येतो. म्हणजे फिरणं हेच तिचं संरक्षण आहे. चालू असताना एक फेज गेला तर मोटर थांबत नाही, तेवढंच पाणी उचलायचा प्रयत्न करत राहते आणि उरलेल्या दोन वायरींमधून साधारण पावणेदोन पट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पट झाला की त्या कॉइल्समधली उष्णता तिप्पट होते. आणि फेज आधीच गेलेला असताना चालू केली तर ती फिरतच नाही, नुसती घुं घुं करत जागेवर उभी राहून सुरुवातीचा मोठा करंट ओढत राहते, मग काही मिनिटांत धूर.

कमी व्होल्टेजचं पण तसंच. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ४१५ च्या जागी ३०० आले की जोर जवळपास निम्मा. लोड तेवढाच राहतो, मग रोटर मागे पडतो, करंट वाढतो, गरम होते. वायरवरच्या इन्सुलेशनचा ढोबळ हिशोब असा की नेमून दिलेल्या मर्यादेच्या वर दर १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे आज जळाली नाही म्हणून आज बिघडलं नाही असं नसतं.

तुमच्या केसमध्ये दोन गोष्टी तपासा. पहिली स्टार्टरमधला रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा भाग. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून रिलेचा काटा वाढवून ठेवायची सवय गावोगाव आहे आणि मला ती मनापासून चुकीची वाटते, रिले ट्रिप होतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. नेमप्लेटवर जेवढे अँपिअर लिहिलेत तिथेच काटा ठेवा. स्टार डेल्टा स्टार्टर असेल आणि रिले मोटरच्या वाइंडिंगच्या वायरीत बसवला असेल तर त्या आकड्याच्या ०.५८ पट. दुसरी ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा. रात्री-अपरात्री लाइट येते, थंडीत, अंधारात, विंचूकाट्यात विहिरीवर जायला नको म्हणून तो बसवतात आणि त्यात शेतकऱ्याची काहीच चूक नाही. पण साधा ऑटो स्विच तिन्ही फेज आलेत का ते बघत नाही. तिन्ही फेज आणि व्होल्टेज तपासून मगच चालू करणारा प्रिव्हेंटर मिळतो, एकदा मोटर भरायच्या खर्चाच्या मानाने तो स्वस्तच पडतो. आणि ऑटो असलेल्या मोटरला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा, ती केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते.

दुसऱ्यांदा लवकर जळाली म्हणता म्हणून अजून एक विचारा, जुनी वायर कशी काढली? काही ठिकाणी वेळ वाचवायला स्टेटर सरळ आगीत टाकतात. त्याने पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, लोखंडातच करंट भोवऱ्यासारखा फिरायला लागतो आणि मोटर लोड नसताना पण तापते. अशी मोटर कितीही चांगली भरली तरी परत येतेच. भरल्यावर वार्निश मारून ती भट्टीत नीट सुकवली का ते पण विचारा.

प्रश्न : डीपी दुरुस्त केल्यापासून मोटर व्यवस्थित चालते, आवाज पण नाही, पण पाणी एकदम कमी. फुटबॉल (पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह), पाइप सगळं तपासलं.
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : भाऊ, मोटर उलटी फिरतेय का बघा, बहुतेक तेच असणार. दुरुस्तीत फेजची अदलाबदल झाली की थ्री फेज मोटर उलट दिशेने फिरते आणि पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतोच, म्हणून लक्षात येत नाही. बॉडीवर बाण असतो. मेन बंद करून तीनपैकी कुठल्याही दोन वायरी आपसात बदलून घ्या, वायरमनकडूनच.

प्रश्न : सर, मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकातल्या मोटरला ब्रश आणि कम्युटेटर आहे पण आमच्या गिरणीची मोटर उघडली तेव्हा आत ब्रश नव्हतेच आणि रोटरला एकही वायर जोडलेली नव्हती. मग रोटरला करंट मिळतो कुठून?
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : मोटर उघडल्यावर तुला हा प्रश्न पडला याचा फार आनंद झाला, कारण पुस्तकातली मोटर डीसीची आणि गिरणीतली इंडक्शन मोटर, आणि दोघींचा फरक बरेचदा कोणी सांगतच नाही.

करंट वाहणाऱ्या तारेला चुंबकाजवळ ढकल बसते हे मूळ दोघींचं एकच. १८२१ मध्ये मायकल फॅरडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली तेव्हापासून हे माहीत आहे. डीसी मोटरमध्ये ब्रश फिरत्या भागाला करंट पोचवतात आणि ढकल एकाच दिशेला राहावी म्हणून कम्युटेटर दर अर्ध्या फेऱ्याला तो उलटा करतो. इंडक्शन मोटरमध्ये ही भानगडच नाही, तिथे चुंबकीय क्षेत्रच फिरतं.

कसं ते बघ. जत्रेत हाताने फिरवायचा गोल पाळणा असतो ना, त्याच्या भोवती तीन जण समान अंतरावर उभे आहेत आणि आळीपाळीने ढकलतायत, पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला, तर पाळणा एका दिशेने सुरळीत फिरतो. थ्री फेजचे तीन करंट असेच एकामागून एक शिखरावर येतात, सेकंदाला ५० वेळा, आणि स्टेटरमध्ये फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरमध्ये ते मिनिटाला १५०० फेरे मारतं, दोन पोलच्या मोटरमध्ये ३०००. सूत्र पाठ कर : १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल.

आता रोटर. तू बघितलास तो लोखंडी पत्र्यांचा सिलिंडर, त्याच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियम ओतून दांड्या केलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना त्या कड्यांनी जोडलेल्या असतात, पत्रे काढून टाकले तर पिंजराच दिसेल. फिरतं क्षेत्र या दांड्यांना छेदून जातं, त्यामुळे त्यांच्यात आपोआप करंट निर्माण होतो, आणि त्या करंटवर तेच क्षेत्र ढकल देतं. म्हणजे करंट बाहेरून द्यावाच लागत नाही. पण यात एक सुंदर अट आहे, रोटर क्षेत्राच्या बरोबरीने पळायला लागला तर क्षेत्र दांड्यांना छेदणारच नाही, करंट शून्य, जोर शून्य. म्हणून तो नेहमी थोडा मागेच राहतो. गिरणीच्या मोटरची नेमप्लेट बघ, १५०० नाही १४४० च्या आसपास लिहिलं असेल, त्या मधल्या फरकाला स्लिप म्हणतात. लोड वाढला की स्लिप वाढतो, स्लिप वाढला की करंट वाढतो. वरती माढ्याच्या दादांना जे लिहिलं ते आता परत वाच, सगळं जुळेल.

१८८८ मध्ये निकोला टेस्लाला या फिरत्या क्षेत्राच्या मोटरची अमेरिकेत पेटंट मिळाली, त्याच सुमारास इटलीत गॅलिलिओ फेरारिसही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता, आणि पिंजऱ्याच्या रोटरची थ्री फेज मोटर १८८९ मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने जर्मनीत केली. आज पिठाच्या गिरणीत, लेथवर, विहिरीवर जी फिरते ती मुळात हीच. ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, झिजायला फक्त बेअरिंग. माझ्या मते माणसाने बनवलेल्या सगळ्यात देखण्या मशीनपैकी ही एक आहे.

प्रश्न : सीलिंग फॅन हळू फिरतो, कधीकधी हाताने ढकलावा लागतो. नवीन घ्यावा का?
– एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : ताई, थांबा, आधी कंडेन्सर बदलून बघा. घरात सिंगल फेज येतो, आणि एकाच फेजने क्षेत्र फिरत नाही, नुसतं पुढे-मागे होतं. म्हणून फॅनमध्ये दुसरं वाइंडिंग देतात आणि त्याच्याशी कंडेन्सर जोडतात, त्याने त्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकतो आणि क्षेत्राला दिशा मिळते. कंडेन्सर वर्षानुवर्षं तापून कमजोर झाला की आधी स्पीड जातो आणि मग फॅन सुरूच होत नाही, ढकलला की त्या दिशेने धरतो. बहुतेक फॅनला २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, जुन्यावर आकडा छापलेला असतो तोच घ्या, स्पीड वाढेल म्हणून मोठा बसवू नका, वाइंडिंग तापतं. बदलूनही फरक पडला नाही आणि बंद फॅन हाताने जड फिरत असेल तर बेअरिंग गेलंय.

प्रश्न : मिक्सरमधून निळ्या ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. इडलीचं पीठ वाटताना तर बंदच पडला.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची, युनिव्हर्सल मोटर. मगाशी अकरावीच्या मुलीने विचारलेले ब्रश आणि कम्युटेटर तुम्हाला इथे सापडतील. छोट्या आकारात १८-२० हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) हवेत आणि ते ५० फ्रिक्वेन्सीवरच्या इंडक्शन मोटरला शक्य नाही, तिची मर्यादा ३००० ची, म्हणून इथे ही वापरतात. थोडीशी निळसर ठिणगी चालते. पण कम्युटेटरभोवती पूर्ण गोल रिंगण दिसत असेल तर कार्बन ब्रश झिजलेत नाहीतर कम्युटेटर खराब झालाय. ब्रश स्वस्त असतात, जोडीनेच बदला, आणि प्लग काढूनच मिक्सर उघडा.

बंद पडला ते चांगलंच झालं. घट्ट पिठात पातं अडकलं, स्पीड पडला, करंट वाढला आणि ओव्हरलोड स्विचने मोटर वाचवली. थोडा थंड होऊ द्या, पीठ कमी करा, पाणी घाला, मग खालचं लाल बटण दाबा. लगेच दाबून परत तेवढ्याच पिठावर चालवलात तर बटण एक-दोनदा साथ देईल, मग आर्मेचर (मोटरचा फिरणारा, वायर गुंडाळलेला भाग) जाईल. आणि जास्त वेळ सलग चालवू नका, मध्ये विश्रांती द्या, कारण तिचा थंडाव्याचा पंखा त्याच शाफ्टवर आहे, मोटर मंदावली की तो पण मंदावतो.

प्रश्न : बीएलडीसी फॅन खरंच लाइट वाचवतो की नुसती जाहिरात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : खरंच वाचवतो. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेली डीसी मोटर. साधा फॅन फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी साधारण ३०. कारण रोटरवर कायमचे चुंबक बसवलेले असतात, त्यामुळे इंडक्शनने रोटरमध्ये करंट निर्माण करण्यात जी वीज उष्णता होऊन वाया जायची ती वाचते, आणि कॉइल्सना कधी किती करंट द्यायचा ते आतला छोटा सर्किट बोर्ड ठरवतो. दिवसाला १२ तास धरले तर एका फॅनमागे महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर त्याहून जास्त. इन्व्हर्टर असेल तर बॅकअप पण वाढतो.

फक्त भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून बायपास करून घ्या, त्याच्यातून सप्लाय दिला तर बोर्ड खराब होऊ शकतो. घेताना बोर्डची वॉरंटी किती आणि तो बदलून कुठे मिळतो एवढं दुकानदाराला विचारा, कारण वाइंडिंगच्या आधी बहुतेक वेळा बोर्डच जातो.