राउटर बदलू नका, आधी कंपनीची वायर काढून बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. चोपड्याची पतसंस्था, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एक साधा स्विच, म्हणजे कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणारी पेटी. स्विचचे सगळे दिवे एकदम थरथरतात, बंद करून चालू केलं की नेटवर्क मिनिटभर चालतं आणि पुन्हा ठप्प. इंटरनेटवाले म्हणतात लाइन ठीक आहे, राउटर बदला. हेच सगळं मी भोगलंय. राउटर आज तरी घेऊ नका.

मी धरणगावकडच्या एका जिनिंगचं कॉम्प्युटरचं काम बघतो. दिवाळीनंतरचा ऐन सीझन होता, गेटबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची रांग. वजनकाट्याची केबिन आणि ऑफिस, दोन्हीकडे एकेक स्विच आणि मध्ये एकच केबल. ती एकदा उंदरांनी कुरतडली होती, म्हणून मी शेजारून दुसरी ओढून ठेवली. केबिनकडचं टोक स्विचमध्ये लावलं, ऑफिसकडचं गुंडाळून रॅकला बांधलं. टोकाला चिठ्ठी लावली नाही, कोणाला सांगितलंही नाही. सगळ्यात महागात पडली ती हीच चूक. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मुलाला लोंबती केबल दिसली. निघाली असेल असं समजून त्याने ती स्विचच्या रिकाम्या पोर्टात, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, लावून दिली. त्याने भल्यासाठीच केलं.

काटा बंद पडला. मी इंटरनेट कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. तक्रार नंबर मिळाला, संध्याकाळी 'तक्रार निवारण झाले' असा मेसेज आला, काटा तसाच बंद. दुसऱ्यांदा म्हणाले राउटर गेलाय. नवा आणला, काही फरक नाही. दोन दिवस हाताने पावत्या लिहिल्या. त्यात दोन ट्रॅक्टरची भरली आणि रिकामी वजनं एकमेकांच्या पावतीवर गेली. त्यातले एक बाबा हिशेब जुळेपर्यंत रात्री दहापर्यंत थांबले होते. मी समोरून गेलो की विचारायचे, "भाऊ, काय व्हयनं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनवरच्या त्या माणसाने "आमची वायर काढा आणि दिवे बघा" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. त्याचा मला आजही राग आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउटर पुन्हा बदलताना मीच कंपनीची वायर काढली. बाहेरून काहीच येत नव्हतं, तरी स्विचचे दिवे तसेच थरथरत होते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. एकेक केबल काढत गेलो. ती दुसरी केबल निघाली आणि सगळे दिवे एकदम शांत झाले, एखाद-दुसरा सावकाश लुकलुकायला लागला.

असं का होतं ते सांगतो. आयपी (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो. केबलवरून माहिती छोट्या पाकिटांत जाते, त्यांना फ्रेम म्हणतात. स्विच आलेल्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा नंबर, वाचतो आणि 'हा 3 नंबरच्या पोर्टवर' अशी नोंद ठेवतो. पुढे त्याच्यासाठी काही आलं की फक्त 3 वर देतो. म्हणून कॅशियरचं काम मॅनेजरच्या केबलवर जात नाही. बरेच स्विच अशी नोंद सुमारे 300 सेकंद वापरात नसेल तर पुसतात. पत्ता माहीत नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असेल ('हा आयपी कोणाचा?' ही विचारणा तशीच असते), तर आली ते पोर्ट सोडून बाकी सगळ्यांवर पाठवतो.

दोन स्विचमध्ये दोन केबल झाल्या की तीच विचारणा एकीने जाते, दुसरीने परत येते, पुन्हा जाते. आयपी पॅकेटला किती टप्प्यांनंतर मरायचं याचा आकडा असतो, इथरनेटच्या, म्हणजे केबलवरच्या या फ्रेमला तो नसतो. ती फिरतच राहते, यालाच लूप म्हणतात. 100 एमबीपीएसच्या एका पोर्टवर सेकंदाला जवळपास 1,48,800 छोट्या फ्रेम मावतात, त्या सगळ्या अशाच भरतात. वर एकच मॅक कधी 3 वर, कधी 8 वर दिसतो, त्यामुळे नोंदवहीही खोटी पडते.

याला उपाय जुना आहे. रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डीईसी या कॉम्प्युटर कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची पद्धत काढली. त्यात स्विच आपापसांत बोलून जास्तीचा रस्ता स्वतःच अडवतात आणि मुख्य केबल तुटली तर तोच उघडतात. आपण घेतो त्या साध्या स्विचमध्ये बहुतेक वेळा ती नसते. माझं स्पष्ट मत आहे, जिथे लोकांच्या पैशाचा हिशेब चालतो तिथे मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विचच घ्यावा, निदान लूप ओळखणारा तरी. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत केबल लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला 30 सेकंद लागतात. कॉम्प्युटरच्या पोर्टांना 'एज पोर्ट' (न थांबता लगेच सुरू होणारं पोर्ट) ठेवा, नाहीतर सकाळी आयपी मिळाला नाही म्हणून ओरड होईल.

मी तुमची जागा पाहिलेली नाही, दोष दुसराही असू शकतो. एखादा बिघडलेला अॅडॉप्टर, किंवा कोणी घरचा जुना राउटर आणून लावलेला. पण लक्षणं लूपचीच वाटतात. आधी कंपनीची वायर काढा. दिवे तसेच राहिले तर दोन मजल्यांमधल्या केबल काढा, मग एकेक पोर्ट. भिंतीतले सॉकेट आणि टेबलाखालीही बघा, एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीत गेलेली मी पाहिली आहेत. आणि दोन केबलने वेग दुप्पट होतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यासाठी दोन्ही स्विचवर वेगळी सेटिंग करावी लागते.

जाता जाता, स्विच पत्र्याच्या बंद पेटीत असेल तर मे महिन्याआधी तिला भोकं पाडून घ्या. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

काउंटर बंद झाल्यावर संध्याकाळी हे करा, भरणा चालू असताना नको. कोणती केबल काढल्यावर दिवे शांत झाले ते इथे लिहा. ती परत लावायच्या आधी दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा.