पहिला डाइव्ह कॉम्प्युटर: साधा घेऊ, घड्याळासारखा घेऊ, की गाइडकडे असतो तेवढा पुरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) झालंय, वर्षाला आठ-दहा डाइव्ह होतात, मालवण, नेत्राणी (मुरुडेश्वरजवळचं बेट) आणि एखाद्या वर्षी अंदमान. तीस हजारांच्या आसपास कोणता डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून पाण्याखाली अजून किती मिनिटं राहता येईल ते सांगणारं मनगटावरचं यंत्र, घ्यावा? आणि "गाइडकडे असतोच की, तुम्हाला कशाला?" हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे का?

खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलोय. बोटीवर हा वाद इतक्यांदा घातलाय की आता पाठ झालाय.

गाइडचा कॉम्प्युटर गाइडचं शरीर मोजतो. खरं तर तेही नाही, तो फक्त गाइडच्या मनगटावरचा दाब आणि वेळ मोजतो. नेत्राणीचं उदाहरण घ्या. गाइड सगळ्यांवर नजर ठेवत १४ मीटरवर तरंगतोय आणि तुम्ही खडकाच्या कपारीतला मोरे ईल बघायला १८ वर उतरलात. चार मीटरचाच फरक, पण १४ वर एकूण दाब २.४ बार असतो आणि १८ वर २.८. म्हणजे श्वासातल्या नायट्रोजनचा दाब १.९ वरून २.२ वर गेला. हा नायट्रोजन शरीरात साठतो आणि वर येताना त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून तर खाली राहायच्या मिनिटांना मर्यादा. तुम्ही कोर्समध्ये पाहिलेल्या पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात १४ मीटरला पहिल्या डाइव्हची मर्यादा ९८ मिनिटं आहे आणि १८ मीटरला ५६. गाइडच्या स्क्रीनवर भरपूर वेळ शिल्लक दिसत असतो, तेव्हा तुमचा हिशोब वेगळाच चाललेला असतो. शिवाय त्यानं सकाळी दुसऱ्या गटाबरोबर एक डाइव्ह केलेली असते, तुम्ही नसता, किंवा उलटही असतं. दोन माणसांचा नायट्रोजन एका यंत्रात मावत नाही.

समोरच्याचा एक मुद्दा मात्र मान्य आहे. मालवणात किल्ल्याजवळ सहा-आठ मीटरवर हा सगळा वाद पुस्तकी आहे. १० मीटरला तक्ता २१९ मिनिटं देतो, तुमचं सिलिंडर त्याच्या कितीतरी आधी संपेल. फक्त मालवणच करणार असाल तर पैसे वाचवा आणि आधी स्वतःचा, नाकावर नीट बसणारा मास्क घ्या. पण अंदमानात डिक्सन्स पिनॅकलसारख्या ठिकाणी, ३० मीटरला तक्ता २० मिनिटं देतो तिथं, दिवसाला दोन-तीन डाइव्ह चार दिवस ओळीनं करायच्या आणि दुसऱ्याच्या मनगटाकडे बघत राहायचं, हा मूर्खपणा आहे.

भाड्यानं घ्यायचा असेल तर निदान संपूर्ण ट्रिपभर तोच नग मागा. पट्ट्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. दुसऱ्या दिवशी दुसरा हातात आला तर त्याला तुमच्या कालच्या तीन डाइव्ह माहीतच नसतात. त्याच्या लेखी तुम्ही ताजेतवाने, आणि तो तुम्हाला मोकळ्या हातानं मिनिटं वाटत सुटतो.

आता खरेदीचं.

तुमच्या बजेटमध्ये गोल, जाडजूड 'पक' येतात. क्रेसी लिओनार्डो, मारेस पक प्रो आणि सुंटो झूप नोवो ही नेहमीची नावं. तिघांच्याही गणितामागे ब्रूस वीन्के या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं आरजीबीएम (नायट्रोजनचा हिशोब मांडायची एक पद्धत) आहे, त्यामुळे दुकानात 'कुणाचा अल्गोरिदम चांगला' यावर अर्धा तास घालवू नका. पहिल्या दोघांना एकच बटण, झूपला चार. एका बटणाचा त्रास नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) लावताना कळतो: ऑक्सिजनच्या ३२ टक्क्यांवर थांबायचं, बोट पुढे सरकलं की ३३, मग सगळा फेरा पुन्हा. हे तिघंही चुकांची शिक्षा करतात. डेको स्टॉप (मर्यादा ओलांडल्यावर वर येताना नायट्रोजन निघून जायला घ्यावा लागणारा थांबा) चुकवून वर आलात तर पक प्रो २४ तास आणि सुंटो ४८ तास गणित बंद ठेवून फक्त खोली आणि वेळ दाखवतात. ट्रिपच्या पहिल्या दिवशी हे झालं तर पुढचे दोन दिवस मासे किनाऱ्यावरच्या हॉटेलात, ताटात बघा.

बजेटच्या बरंच वर जायची तयारी असेल तर शिअरवॉटर पेरेग्रिन. रंगीत मोठी स्क्रीन, ब्युलमन या स्विस डॉक्टरांचं, शरीराचे १६ कप्पे धरून केलेलं गणित, चुकलात तरी कुलूप लागत नाही. त्यात ग्रेडिएंट फॅक्टर असतात, म्हणजे गणिताच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते ठरवणारे आकडे. सावधगिरीप्रमाणे तीन जोड्या: लो ४५/९५, मीडियम ४०/८५, हाय ३५/७५. लोक पहिल्या आकड्यावर वाद घालतात. डेको नसलेल्या डाइव्हमध्ये तुमची शिल्लक मिनिटं दुसराच आकडा ठरवतो. मीडियमवर ठेवा आणि विसरून जा.

घड्याळासारखा घेऊ का? माझं मत, नको. निदान पहिला तरी नको. ऑफिसात मिरवायला छान असतं, पण पाण्यात आकडे बारीक दिसतात. चाळिशी लागली असेल तर हाच एक निकष पुरेसा आहे: मास्कला नंबरच्या काचा नसतील तर दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चष्मा काढून, हात लांब करून स्क्रीन वाचून बघा. खोली, शिल्लक मिनिटं आणि डाइव्हचा वेळ हे तीन आकडे एका नजरेत दिसले नाहीत तर ते यंत्र तुमचं नाही. ॲपल वॉच अल्ट्रासुद्धा डाइव्हिंगला चालतं, पण ४० मीटरपर्यंतच आणि वेगळं ॲप टाकून. आणि रोज चार्ज करावं लागणारं यंत्र बेटावर रात्री लाइट गेल्यावर काय करतं, हे मी वेगळं सांगायला नको.

सेल हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा आहे. झूप नोवो आणि पक प्रोमध्ये सीआर २४५०, लिओनार्डोत सीआर २४३०. दोन्ही नाण्यासारखे सेल आहेत, आपल्याला घरी बदलता येतात. घड्याळवजा कित्येक मॉडेलांत सेल सर्व्हिस सेंटरलाच बदलावा लागतो, आणि मग यंत्र आठवडेच्या आठवडे बाहेर. घरी बदलताना मात्र घाई नको. हात मनगटापर्यंत कोरडे करा. झाकणाच्या खाचेत नाणं घालून फिरवा. ओ-रिंग (झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी रिंग) काढायला टाचणी वापरू नका, ओरखडा पडला की ती रिंग गेली. बोटांच्या चिमटीत दाबून तिला फुगवटा आणा आणि उचला. नवीन रिंग उजेडात धरून गोल फिरवा, एक केस किंवा टॉवेलचा एक धागा अडकला तरी पाणी आत येतं. खाच कानकोरणीच्या कापसानं नको, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा. ग्रीस कंपनीनं सांगितलं असेल तरच, तेही सिलिकॉनचं आणि रिंग जेमतेम चमकेल इतकंच. व्हॅसलीन अजिबात नाही, काही रबरं त्यानं फुगतात. बंद केल्यावर पेलाभर पाण्यात बुडवा आणि झाकणाच्या कडेनं बुडबुडे येतात का ते बघा. महत्त्वाचं म्हणजे हे ट्रिपच्या मध्ये करू नका. सेल निघाला की अनेक यंत्रं शरीरातल्या उरलेल्या नायट्रोजनचा हिशोब पुसून टाकतात. नो-फ्लाय (विमानात बसण्याआधी थांबायचा वेळ) शून्यावर आल्यावरच झाकण उघडा.

सेल लवकर का संपतो? बहुतेक वेळा मिठामुळे. मागच्या बाजूला धातूचे दोन बारीक ठिपके असतात, पाणी लागलं की यंत्र त्यांच्यामुळे जागं होतं. त्यांच्यामध्ये मिठाचा पापुद्रा राहिला आणि हवा दमट असली की यंत्राला वाटतं आपण अजून समुद्रातच आहोत. कोकणात जूनमध्ये डाइव्हिंग बंद होतं, कॉम्प्युटर खणात जातो आणि ऑक्टोबरला मेलेला निघतो. त्यामुळे डाइव्हनंतर नळाखाली धरून काम झालं असं समजू नका. अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाण्यात असताना बटणं दाबू नका, मग पुसून सावलीत वाळवा. सिलिंडरची हवा फवारून तर कधीच वाळवू नका, दाबाचा सेन्सर त्यानं जातो.

एअर इंटिग्रेशन, म्हणजे सिलिंडरचा दाबही मनगटावर. छान सोय आहे, तुम्हाला गरज नाही. त्याचा ट्रान्समीटर फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या, हाय प्रेशर पोर्टमध्ये बसतो. भाड्याचं रेग्युलेटर असेल तर प्रत्येक ठिकाणी प्लग काढायचा, तो बसवायचा आणि नंतर आठवणीनं काढून घ्यायचा. सिलिंडर उचलताना खलाशी त्यालाच मूठ समजून धरतो. बिचाऱ्याचा दोष नाही, तो दिसतोच मुठीसारखा. आणि सिग्नल गेला तर साधा प्रेशर गेज लागतोच.

पट्टा लांब आहे ना ते बघा. खोलीवर वेटसूट दबतो आणि पट्टा सैल होऊन यंत्र मनगटाभोवती फिरतं. मी पट्टा काढून बंजी दोरी लावतो. डाव्या हातावर घातलात तर बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली) हवा सोडायला इन्फ्लेटरची नळी वर धरताना कधीकधी 'फार वेगानं वर येताय' असा अलार्म वाजेल. तुम्ही नाही, तुमचा हात वर गेलेला असतो. दचकू नका.

दोन गोष्टी राहिल्याच. नायट्रॉक्स घेणार असाल तर प्रत्येक डाइव्हआधी टक्केवारी तपासा. काही यंत्रं ठरावीक वेळानंतर आपोआप साध्या हवेवर परत जातात. ३२ टक्क्यांना ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेनं खोली ३४ मीटरच्या आत येते, आणि यंत्र हवेवर असेल तर ते त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. दुसरं, परतीचं विमान. अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं, एकच साधी डाइव्ह असेल तर १२. कॉम्प्युटर यापेक्षा जास्त सांगत असेल तर त्याचं ऐका, कमी सांगत असेल तर १८ धरा. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) सकाळचं तिकीट असेल तर आदल्या दिवशी दुपारची डाइव्ह नाही, मग गाइड काहीही म्हणो.