नागपुरातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (ओरायन नेब्युला) रंगीत फोटो काढता येतो का? त्यात पक्षी दिसतो, तो भास का?

येतो, साध्या डीएसएलआरनेही. फक्त शहरातून नको, सीताबर्डी-धरमपेठेच्या उजेडात आकाश पार फिकं पडतं. जानेवारीत अमावस्येच्या आसपास रामटेक किंवा उमरेडकडे जा. मृगाला लागलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धूसर ठिपका दिसेल, तोच. 50 मिमी लेन्स, एफ 2.8, आयएसओ 1600, 5 सेकंद. असे शंभरेक फोटो घ्या आणि डीपस्कायस्टॅकर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा. एकाच फोटोवर थांबू नका, रंग रचल्यावरच खुलतो.

नुसत्या डोळ्यांना तो राखाडीच दिसणार, कारण इतक्या मंद प्रकाशात डोळ्यांना रंग कळत नाहीत. लाल-गुलाबी छटा हायड्रोजनची, 656 नॅनोमीटरची. कॅमेऱ्यातला फिल्टर ती बरीचशी अडवतो, म्हणून गुलाबी फिका आला तरी नाराज होऊ नका.

पंख पसरलेला पक्षी मलाही दिसतो, आणि फार सुंदर दिसतो! पंख म्हणजे उजळलेल्या वायूच्या कडा, मधली काळी खाच म्हणजे प्रकाश अडवणारी धूळ. वायू आणि धूळ खरी, सुमारे 1350 प्रकाशवर्षं दूर. पक्षी आपला मेंदू जुळवतो. फोटो उलटा करून बघा, बहुधा दुसरंच काहीतरी दिसेल.