गुटी कशात उगाळता?

प्रिय डॉक्टर,

तान्ह्या मुलांच्या बोट्युलिझमबद्दल, म्हणजे जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराबद्दल, पुस्तकातला परिच्छेद वाचूनही निदान कसे सुचावे हे कळत नाही, असे लिहिले आहेस. तक्रार रास्त आहे.

या आजारात विष बाहेरून येत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू माती, धूळ किंवा मध यांतून पोटात जातात आणि आतड्यात इतर जंतूंची वस्ती अजून नीट बसलेली नसल्याने तिथेच रुजून विष तयार करतात. ते विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन, म्हणजे स्नायूला हालचालीचा निरोप देणारे रसायन, सुटू देत नाही. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांच्या आतले असतात.

कोकणात बाळंतीण माहेरी आली की सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड यांचे ठरलेले वेढे उगाळले जातात. 'मध दिला का?' असे विचारलेस तर आजी खुशाल 'नाही' म्हणेल, कारण तिच्या लेखी ती गुटी असते, मध नव्हे. म्हणून 'गुटी कशात उगाळता?' असे विचार, आणि आवाजात दोष देण्याचा सूर येऊ देऊ नकोस. मध उकळूनही बीजाणू मरत नाहीत. मात्र मध दिला नाही, एवढ्यावरून हा आजार नाही असेही ठरत नाही.

पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठता, आणि तिथेच मी एकदा चुकलो. तीन महिन्यांच्या मुलाला चार दिवस शी झाली नव्हती. अंगावर पिणाऱ्या मुलांचे असे होतेच, म्हणून मी आईला घरी पाठवले. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा दूध त्याच्या ओठांच्या कडेने ओघळत होते, रडणे मांजराच्या पिलासारखे बारीक झाले होते आणि मान आईच्या कोपरावरून मागे लोंबत होती. ताप नव्हता, आणि मूल पूर्ण जागे होते. लुळेपणा दोन्ही बाजूंनी सारखा, डोळ्यांकडून खाली उतरत जातो. अंधाऱ्या खोलीत दोन-तीन मिनिटे पुन्हापुन्हा बॅटरीचा उजेड टाकून बघ: सुरुवातीला चटकन आकसणारी बाहुली हळूहळू दमते.

अशा मुलाला जंतुसंसर्ग समजून आपला हात सवयीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाकडे जातो. ते टाळ, त्या गटातील औषधांनी स्नायूंची दुर्बलता वाढते आणि श्वास थांबू शकतो. पडवीत जमिनीवर आईशेजारी झोपलेले बाळ सकाळी पापण्या पडलेल्या अवस्थेत आले, तर आपल्याकडे आधी मण्यारीचा दंश आठवावा. तो फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही, पण तिथे सारे काही तासांत घडते आणि आधीचे बद्धकोष्ठाचे दिवस नसतात.

निदान पक्के होते ते शौचात विष किंवा जंतू सापडल्यावर. शी होत नसल्याने नमुना मिळवणे कठीण असते. निर्जंतुक पाण्याचा थोडा एनिमा देऊन तो घे, ग्लिसरीनची बत्ती वापरू नकोस, आणि नमुना थंड ठेव. अहवालाची वाट पाहत मात्र मुलाला ठेवून घेऊ नकोस. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले मानवी प्रतिविष तालुक्याच्या रुग्णालयात असणार नाही, पण श्वास सांभाळणारे यंत्र आणि नळीने दूध मिळाले तर काही आठवड्यांत बहुतेक मुले सावरतात. तेव्हा फोन आधी कर, गाडी लगेच मागव. घाटातल्या वळणांवर मान पुढे दुमडली तरी असल्या मुलाचा श्वास अडतो, म्हणून खांद्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवून सोबत एका परिचारिकेला बसव.

तुझा,
डॉक्टरकाका