चार वर्षं शेडमध्ये उभी असलेली ऑल्टो पुण्यापर्यंत चालवत नेता येईल का?

येईल, पण या रविवारी येऊन पुढच्या रविवारी नेता येणार नाही. २०१० ची पेट्रोल ऑल्टो, एमएच-१९ पासिंग, वडील गेल्यापासून अमळनेरजवळच्या खळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी, आणि तुमचा प्रश्न असा की इंजिन जाम झालं असेल का. तुम्ही काळजी इंजिनाची करताय, करायला हवी रबराची. हीच गाडी कोकणात उभी राहिली असती तर पत्रा कुजला असता. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे लोखंड टिकतं. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखाली तर त्याहून जास्त. असे चार उन्हाळे काढल्यावर टायर, होस पाइप, बेल्ट आणि ब्रेकच्या आतली सगळी किट (रबरी सील) वाळून जातात. ऑल्टोचं तीन सिलिंडरचं इंजिन बहुतेक वेळा निमूट चालू होतं. पंचाईत तिथेच होते, कारण चालू झाली की घरातलं कोणीतरी लगेच फाट्यापर्यंत चक्कर मारून येतं.

गावात गेल्या गेल्या पहिला सल्ला मिळेल तो ‘ट्रॅक्टरले दोर बांधा नि वढा’. ओढू नका. एक तर ही इंजेक्शनची गाडी आहे, बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर टाकीतला पंप चालणारच नाही, कितीही ओढा. दुसरं, कोरड्या सिलिंडरला आणि वाळलेल्या टायमिंग बेल्टला (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटवणारा पट्टा) तो झटका बसतो. किल्ली काही दिवस खिशातच असू द्या.

बोनेट उघडताना हातात काठी असू द्या, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. खळ्यात धान्य तिथे उंदीर, उंदीर तिथे नाग. एअर फिल्टरचा डबा उघडा. शेडमध्ये कापूस साठवत असाल तर त्यात सरकी आणि कापसाचं घरटं हमखास सापडेल. एसीच्या ब्लोअरमध्येही पाहा. लेंड्या कोरड्या झाडू नका, तोंडाला रुमाल बांधून, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने काढा. वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहा आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने माती भरलीय का तेही बघा. त्याच शेडात युरियाच्या गोण्या किंवा गुरं होती का? असतील तर वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आला असेल. गोमूत्रातल्या अमोनियाने तांबं-पितळ खाल्लं जातं, आणि अर्धे ‘इलेक्ट्रिक फॉल्ट’ तिथूनच निघतात.

मग टाकी. चार वर्षांचं पेट्रोल म्हणजे जुन्या वॉर्निशचा वास येणारं पाणीच. त्यात इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. सगळं काढून टाका. तोंडाने नळी ओढू नका, मिस्तरीला खालची लाइन सोडायला सांगा, आणि हे काम उघड्यावर, बिडी-काडीपासून लांब करा. ते पेट्रोल फवारणीच्या पंपातही घालू नका. पेट्रोल फिल्टर नवा, टाकीत पाच लिटर ताजं पेट्रोल. पंप दमलेला निघाला तर तोही बदलावा लागेल, इंजेक्टर धुवून चालतात.

इंजिनाचं ऑइल काळं नसलं तरी फिल्टरसकट बदला. तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ताजं ऑइल टाका आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, गोटी पाना क्रँक पुलीच्या बोल्टला लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका, मिस्तरीला बोलवा. सुटं फिरलं की तुमचा मूळ प्रश्न तिथेच संपला. त्यानंतर नवी बॅटरी टाका. जुनी चार्ज करत बसण्यात अर्थ नाही, इतकी वर्षं रिकामी पडलेली बॅटरी चार्ज दाखवते आणि दोन दिवसांत दगा देते. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, इग्निशन कॉइलची पिन सुटी करून, प्लग न लावताच थोडा थोडा सेल्फ मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला म्हणजे ऑइल वरपर्यंत पोचलं. मगच प्लग लावून गाडी चालू करा. पहिली काही मिनिटं निळा धूर येईल, तो टाकलेल्या ऑइलचा. गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट चिकटली आहे, ती बहुतेक वेळा न उघडता सुटते.

एवढ्यावर गाडी गुरगुरायला लागेल. आता खरं काम.

ब्रेक. हॅन्डब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असणार. हातोडीने ड्रमच्या कडेला ठोकून सुटतात, पण सुटले म्हणून खूश होऊ नका. ड्रम काढा. व्हील सिलिंडरभोवती ओल दिसली तर किट गेली, आणि चार वर्षांनी ती जातेच. पुढच्या चाकांना डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर असतो, त्याची पिस्टन आत ढकलून पाहा, अडकत असेल तर एक चाक ओढत राहील आणि महामार्गावर तापून लाल होईल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून ते वापर असो-नसो दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं सगळं काढून नवं भरा. इथे मिस्तरी एक घाई करतात: ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढताना पॅडल पार तळापर्यंत दाबतात. पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधी जात नाही तिथे गंज बसलेला असतो, रबरी कप त्यावर घासून फाटतो आणि काम वाढतं. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगा. चाकांकडे जाणारे रबरी ब्रेक होसही नवे टाका. ते बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद होतात.

टायरची नक्षी जशीच्या तशी असेल, घरचे म्हणतील ‘नवेच तर आहेत’. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुने किंवा कडेला बारीक भेगा असतील तर पाचही बदला, डिकीतला स्टेपनी धरून.

टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वयावर बदला. घाट उतरताना तो तुटला तर इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणजे दोन-चार वेळा दाबल्यावर पॅडल हलकं करणारा ब्रेक बूस्टरही साथ सोडतो. त्याच वेळी वॉटर पंप, फॅन बेल्ट आणि रेडिएटरचे दोन्ही होस उरकून घ्या. रेडिएटरमध्ये बोरचं पाणी भरत होते का, घरी विचारा. आपल्याकडचं जड पाणी आत खडू बसवतं. धुवून घ्या आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळूनच भरा. मग गाडी उभ्यानेच तापू द्या, पंखा आपोआप सुरू होईपर्यंत जागेवरून हलू नका.

खर्च? टायर, बॅटरी, ब्रेक, बेल्ट, ऑइल मिळून पंचवीस ते पस्तीस हजार धरून चला. या पैशात थोडी भर घातली तर दुसरी चालती जुनी ऑल्टो येते. हिशेबाने पाहिलं तर परवडत नाही. वडिलांची गाडी आहे म्हणून करायचं असेल तर जरूर करा, मीही केलं असतं.

कागदांत मात्र तुम्ही मागे पडला आहात. मालक वारल्यावर वारसाने तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून आरसी (गाडीच्या नोंदणीचा दाखला) आपल्या नावावर करायची असते. आता उशिराच्या शुल्कासह करावी लागेल, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागेल. बहिणी असतील तर त्यांच्या सह्या याच फेरीत घ्या. शिवाय खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे तुमचं २०२५ मध्ये संपलं. नूतनीकरणाला फॉर्म २५, कारसाठी शुल्क ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, आणि गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. झालं की पुढची पाच वर्षं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी, म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागेल, तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. विमा नसताना तपासणीलाही चालवत नेऊ नका. पहिल्यांदा पकडलं तर दंड २,००० चा आहे, पण कोणाला धक्का लागला तर भरपाई आयुष्यभर फेडत बसावी लागेल एवढी. तोवर टेम्पोत टाकून न्या.

कागद हातात आल्यावरही थेट पुणं नको. आधी अमळनेर-पारोळा जाऊन या, उतरून चारही चाकांना हात लावून पाहा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक ओढतोय. मग एकदा धुळ्याला जाऊन लळिंग घाट चढून-उतरून या. चढताना तापमानाचा काटा आणि उतरताना ब्रेक, दोन्हींची परीक्षा होते आणि बिघाड झालाच तर धुळं जवळ आहे. पुण्याला जाताना चाळीसगावचा कन्नड घाट टाळून धुळे-मालेगाव-नाशिकनेच जा, वाटेत गॅरेज भरपूर आहेत. निघा पहाटे, एसी बंद ठेवा, आणि पुण्यात पोचल्यावर हजार किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण आतला जुना गाळ त्या पहिल्या हजारात सुटून ऑइलमध्ये उतरतो.